लेकीची पहिली रायफल

१ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून नेम धरायचा प्रकार) कांस्य मिळवलं. त्याच संध्याकाळी आमच्या तेरा वर्षांच्या लेकीने विचारलं, "बाबा, हे शिकवतात कुठे?" आम्ही खारघरला राहतो, पनवेलच्या बाजूला नेमबाजीची रेंज आहे. पंधरा दिवसांत तिचं नाव घातलं. तीन महिने ती क्लबच्या एअर रायफलवर (हवेच्या दाबाने छर्रा सोडणारी) शिकली, मग स्वतःची घ्यायचं ठरलं.

आमचे आजोबा मुरबाडकडचे. १९७२ चा वन्यजीव कायदा येण्याआधी ते रानात जात. त्यांच्या बोलण्यात एकच हिशोब असायचा : भेकराला कुठली गोळी, सांबराला कुठली. जनावर जखमी होऊन झाडीत तडफडत राहता कामा नये. लहानपणापासून ऐकलेलं ते माझ्या मनात घट्ट बसलं होतं. त्यामुळे मुंबईतल्या एका दुकानदाराने "पॉइंट टू टूची (०.२२ इंच नळीची) एअर रायफल घ्या, छर्रा जड आहे, वर स्कोप म्हणजे दुर्बीण बसवून देतो" म्हटल्यावर मला ते पटलं. पाच हजार आगाऊ देऊन आलो.

दुसऱ्या दिवशी कोच मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "दादा, ही घेऊन तिला स्पर्धेत उभंच राहता येणार नाही."

लेकीचा प्रकार १० मीटर एअर रायफलचा. त्यात बोअर, म्हणजे नळीचं आतलं माप, ४.५ मिलिमीटरच, म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन इंच. त्याचं कारण त्यांनी कागदी टार्गेट हातात देऊन दाखवलं. मधला दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर. कागदावर छर्ऱ्याच्या भोकाची कड जास्त गुणांच्या रिंगला नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो. मग मोठ्या छर्ऱ्याला फुकटचा फायदा होईल, म्हणून माप सगळ्यांना एकच. ताकदीचा इथे प्रश्नच नाही, कागद फाटला की झालं. स्कोप तर नियमातच बसत नाही. नेम धरायला मागे बारीक छिद्राची डायॉप्टर साइट, पुढे नळीच्या टोकाशी रिंग, दोन्हीत भिंग नाही. शिवाय बरेचसे स्कोप लांबच्या अंतरासाठी जुळवलेले असतात, दहा मीटरवर चित्र धूसर दिसतं.

मी दुकानदाराला फोन केला. त्याने आगाऊ रक्कम परत दिली नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण रायफल कुणासाठी आणि कशासाठी हे मी आधीच सांगितलं होतं.

खरी निवड पुढेच होती. मॅडमनी लेकीला दोन्ही हात पुढे ताणून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवायला लावली. त्या फटीतून समोरच्या दिव्याकडे बघत हात हळूहळू चेहऱ्याकडे आणायचे. तीनही वेळा हात डाव्या डोळ्याशी आले. ती लिहिते, जेवते उजव्या हाताने, पण तिचा मुख्य डोळा, म्हणजे ज्याने नेम धरायचा तो, डावा. तीन महिने उजव्या खांद्याला रायफल लावताना ती मान का वाकडी करायची, ते आता कळलं. मी तर उजव्या हाताचीच घ्यायला निघालो होतो!

क्लबमधली डाव्या हाताची जुनी रायफल तिला दोन आठवडे दिली. पहिले चार दिवस रडकुंडीला आली. पाचव्या दिवशी मॅडमनी गालपट्टी (दस्त्यावर गाल टेकवायचा भाग) एक-दोन मिलिमीटर वर घेतली, खांद्याला टेकणारा दस्ता आखूड केला आणि तिला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगितली. डोळे उघडले तर समोरच्या रिंगमध्ये टार्गेटचं काळं वर्तुळ मधोमध. मान सरळ होती.

पुढची रिंगही बदलावी लागली. आधीची इतकी लहान होती, की काळ्याभोवती पांढऱ्याची नुसती रेघ दिसायची. ती रेघ सारखी राखायच्या नादात ती श्वास फार वेळ रोखून धरायची आणि हात थरथरायचा. दोन माप मोठी रिंग लावल्यावर भोवती पांढरं मोकळं दिसू लागलं आणि चाप वेळेवर सुटायला लागला.

शेवटी डाव्या हाताची, दाबलेल्या हवेच्या सिलिंडरची वापरलेली रायफल एका सीनियर मुलाकडून घेतली. नवीन परदेशी आमच्या बजेटच्या बाहेर होती. वजन तिला पेलतं का हेही बघितलं. नियमाची मर्यादा साडेपाच किलोची आहे, पण मुलांना तेवढी जड देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कंबर मोडते. ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलच्या आतल्या ऊर्जेच्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. कुसाळेच्या प्रकारातली स्मॉल बोअर पॉइंट टू टू हवेची नाही, काडतुसाची; ते मात्र परवान्याचं शस्त्र आहे.

आता छर्ऱ्यांचे डबे तपासणं चाललंय. छर्ऱ्याच्या डोक्याचं माप ४.४९ की ४.५० मिलिमीटर, कुठला या नळीतून एकाच भोकात जातो ते बघतोय. पुढच्या महिन्यात नेमबाजीचं जाड जॅकेट शिवायला टाकायचं आहे. त्याच्या जाडीने खांद्यापासूनचं अंतर बदलेल, तेव्हा दस्ता आणि गालपट्टी पुन्हा पहिल्यापासून लावावी लागणार.