घंटांवर सिनेमाचं गाणं

आज काकड आरती झाली, बाया कापूस वेचाले निघाल्या, तरी देवळातली घंटा घुमतच होती. हात लावल्याशिवाय ती गप्प बसत नाही. कॅरिलॉनची, म्हणजे सुरात लावलेल्या घंटांच्या वाद्याची, गोची हीच. किमान 23 घंटा, मुठीनं दाबायच्या लाकडी दांड्या, जड घंटांसाठी पायपट्ट्या. पण नाद थांबवायची सोय नाही. म्हणून सिनेमाचं गाणं बसवताना ढोलकीचा ठेका आधी काढा. मोठ्या घंटेचा आवर्तनाला एकच टोल पुरे, जास्त दिले की नुसता गलका. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तर विसराच.

आणखी एक खोडी: जवळपास प्रत्येक घंटेच्या पोटातच तिचा कोमल गंधार (उतरलेला ग) वाजतो. त्यावर शुद्ध गंधार जवळ ठेवला की आंबट लागते. तो वरच्या सप्तकात न्या, लहान घंटा लवकर विरतात. उदास, संथ चाली मात्र झकास बसतात.