‘अँटिसोशलाइट्स’: पोक्त झालेला ऑल्वेज

टोरांटोच्या ऑल्वेज या इंडी पॉप (बड्या संगीत कंपन्यांच्या मुख्य प्रवाहाबाहेरचे, स्वतंत्र वृत्तीचे पॉप) बँडचा दुसरा अल्बम ‘अँटिसोशलाइट्स’ सप्टेंबर २०१७ मध्ये आला. (रोमन लिपीतल्या नावात डब्ल्यूच्या जागी दोन व्ही आहेत, हे शोधणाऱ्याने ध्यानात ठेवलेले बरे.) दुसरा अल्बम प्रगल्भ आहे असे म्हटले की आपण संथ चाली, व्हायोलिनांचा ताफा आणि गंभीर चेहरे गृहीत धरतो. येथे त्यांपैकी काहीच नाही. गाणी दहा, सगळी मिळून पस्तीस मिनिटांच्या आत संपणारी, आणि त्यांतली बरीचशी पायाने ठेका धरायला लावणारी. तरीही हा अल्बम पहिल्यापेक्षा पोक्त आहे, आणि त्याचे कारण मला बँडची गायिका आणि गीतकार मॉली रँकिन हिच्या शब्दांत सापडते.

२०१४ च्या पहिल्या अल्बममधली नायिका सतत कोणाला तरी गळ घालत असते. ‘आर्ची, मॅरी मी’ या सर्वांत गाजलेल्या गाण्यात ती लग्नाच्या सोपस्कारांची टर उडवते आणि त्याच दमात मागणीही घालते. ‘नेक्स्ट ऑफ किन’मध्ये प्रियकर नदीत बुडतो, पण चाल इतकी उडती आहे की शब्दांकडे कान न देणाऱ्याला त्याचा पत्ताही लागू नये. ही गंमत मला आजही आवडते. मात्र तिच्यात लपवाछपवी आहे: दुःख विनोदाआड, आणि रँकिनचा आवाज प्रतिध्वनीच्या दाट थराआड.

दुसऱ्या अल्बममधली नायिका गळ घालायचे सोडून देते. पहिल्याच ‘इन अंडरटो’मध्ये आपल्या दोघांत आता काय उरले आहे असे ती विचारते, आणि या प्रश्नाला उत्तराची अपेक्षा नाही हेही स्वतःच सांगून टाकते. तिथून पुढचा बराचसा अल्बम ताटातुटीनंतरच्या मनःस्थितींचा आहे. ‘ड्रीम्स टुनाइट’मध्ये सिंथेसायझरच्या मंद सुरावटीवर, रस्त्यात तू दिसलास तर आज रात्री माझ्या स्वप्नात येशील का, एवढीच पृच्छा आहे, तर ‘नॉट माय बेबी’मध्ये सुटकेचा आनंद आणि ती सुटका स्वतःला पटवून देण्याची धडपड एकाच वेळी ऐकू येतात. टोरांटोसमोरच्या बेटावर, वापरात नसलेल्या एका शाळेच्या वर्गात बसून रँकिनने या अल्बमसाठी लेखन केले होते, हे कळल्यावर त्यातल्या एकटेपणाचे मला नवल वाटले नाही.

निर्माता जॉन काँगल्टन आणि गिटारवादक अलेक ओ’हॅन्ली यांनी पूर्वी प्रतिध्वनीआड दडलेला रँकिनचा आवाज पुढे आणला आहे, आणि केरी मॅकलेलनच्या कीबोर्डलाही पहिल्यापेक्षा मोकळी जागा दिली आहे. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटाच्या रँकिन फॅमिली या लोकसंगीताच्या गटातले फिडलवादक जॉन मॉरिस रँकिन हे मॉलीचे वडील. त्यामुळे तिच्या स्वरांच्या उंच झेपा त्या वारशाशी जोडण्याचा मोह होतो. पण तिचे कान स्कॉटलंडच्या गिटार बँडांकडे अधिक लागलेले आहेत. ‘लॉलीपॉप’ हे गाणे तर जीझस अँड मेरी चेन या स्कॉटिश बँडच्या गायक जिम रीडला अर्पण केलेले आहे. मधले ‘हे’ (Hey) नावाचे गाणे मात्र मला नुसताच गलबला वाटतो.

या अल्बमला २०१८ चा जुनो हा कॅनडाचा संगीत पुरस्कार मिळाला. मला सर्वांत मोठी मजल वाटते ती शेवटच्या ‘फर्गेट अबाउट लाइफ’ची: सुमार वाइनच्या सोबतीने आजची रात्र आयुष्य विसरू या, असे साधे आमंत्रण. त्यात लग्नाची मागणी नाही, टर नाही, उद्याचा उल्लेखही नाही. पहिल्या अल्बममध्ये हे गाणे बसलेच नसते.