१/७२ सी हॉक: कॅनोपी सुटली, पंखांचा बेत बदलला

सी हॉक हे भारतीय नौदलाचं जुनं लढाऊ जेट; त्याचं १/७२ मापाचं प्लास्टिक मॉडेल मी आधीच्या मालकाचे गोंद सोडवून नव्याने बांधतोय. त्याची कॅनोपी (वैमानिकावरचं पारदर्शक झाकण) निघाली, आणि अख्खी निघाली! पुढच्या डाव्या कोपऱ्याचा बारीक टवका उडाला आहे, पण तो चौकटीच्या रंगाखाली जाईल. पार्ट नवीन मिळणार नाही हे धरूनच काम करत होतो, त्यामुळे आनंद जरा जास्तच आहे.

जुन्या बाजारातून आणलेल्या या एअरफिक्सच्या जुन्या किटवर आधीच्या मालकाने तीन जातींचे गोंद वापरलेत, हे मागच्या नोंदीत सांगितलं होतं. चाकांच्या झाकणांना पिवळट रबरी गोंद, फ्युजलाज (विमानाचं धड) आणि पंखांना ट्यूबमधला प्लास्टिक सिमेंट, आणि कॅनोपीला सुपर ग्लू. रबरी गोंदाचं काम पटकन झालं. लायटर फ्लुइडचा कानकाडीने पातळ हात फिरवला, थोडं थांबलो आणि बोटाने चोळल्यावर तो वळ्या होऊन सुटला. लायटर फ्लुइड किटच्या प्लास्टिकला, म्हणजे पॉलिस्टायरीनला (थोडक्यात स्टायरीन), विरघळवत नाही. तरी त्याचं डबकं साचू देऊ नका, ताण असलेल्या जागी जुनं प्लास्टिक तडकतं.

खरा वेळ खाल्ला तो कॅनोपीने. सुपर ग्लू विरघळवायला ॲसिटोन लागतं, आणि ॲसिटोन स्टायरीनला गोंदाच्या आधी खातं. नेलपॉलिश रिमूव्हरच्या बाटलीवर ‘ॲसिटोन फ्री’ लिहिलेलं असलं तरी आत बहुधा इथाइल ॲसिटेट असतं, तेही प्लास्टिकला सोडत नाही. बाजारात मिळणारा डीबाँडर (सुपर ग्लू सोडवणारं द्रावण) व्हील बेच्या, म्हणजे चाकांच्या खोबणीच्या, आतल्या बाजूला एक थेंब टाकून पाहिला, तिथला पृष्ठभाग लगेच चिकट झाला. तो कॅनोपीजवळ न्यायचा प्रश्नच नव्हता.

मग आधी जोड नीट दिसावा म्हणून रंग काढला. आधीच्या मालकाने जाड इनॅमल रंग थापला होता. डेटॉलमध्ये मॉडेल रात्रभर बुडवून ठेवलं, सकाळी जुन्या टूथब्रशने घासलं. पहिली धुलाई डेटॉलनेच करायची, पाणी लागलं की सुटलेला रंग चिकट लगदा होऊन पॅनेल लाइन्समध्ये (पत्र्यांच्या जोडांच्या कोरलेल्या रेषांत) बसतो. उरलेला रंग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसला. ते मी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून घेतो. सर्किट बोर्ड धुवायचं तेच शुद्ध अल्कोहोल, आणि हॉबीच्या इवल्याशा बाटल्यांपेक्षा खूप स्वस्त. रंग गेल्यावर गोंदाची काचेसारखी कडक रेघ कॅनोपीभोवती स्पष्ट दिसली. सुईने टोचलं तर कपचे उडत होते. ही सुपर ग्लूची खूण. फेविकॉल असता तर रबरासारखा दबला असता आणि कोमट पाण्याने मऊ पडला असता.

कपचे उडतात म्हणजे गोंद ठिसूळ आहे, आणि सगळी युक्ती त्यातच आहे. सुपर ग्लू ओढ सहन करतो, पण धक्का आणि सोलणं सहन करत नाही, आणि थंडीत तर अजूनच तडकतो. मॉडेल झिप पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवलं, मग साबणाच्या कोमट पाण्यात, मग परत फ्रीझरमध्ये. पाणी हाताला सोसेल इतपतच हवं, कारण स्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि पातळ भाग त्याच्या आधीच वाकतात. दाढीचं ब्लेड अर्धं तोडून एका बाजूला टेप लावली आणि मागच्या कोपऱ्यातून सरळ आत सरकवलं. ब्लेड पिळायचं नाही, तरफेसारखं उचलायचं नाही, फक्त रेघेवरून पुढे ढकलायचं. थंडी उतरली की थांबायचं, परत फ्रीझर. बरेच दिवस काहीच हललं नाही. परवा रात्री ‘टक्’ आवाज आला आणि उजवी बाजू पूर्ण मोकळी झाली, डावी पाठोपाठ सुटली.

आतून कॅनोपी पांढुरकी आहे. सुपर ग्लूच्या वाफा सुकताना काचेवर बसतात, तो पापुद्रा. तो वरवरचा असतो, त्यामुळे चिंता नाही. गोंदाचे थेंब टोकदार बांबूच्या काडीने खरवडले, धातू लावला नाही. आता २००० आणि ३००० चा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, मग तामियाचं फाइन कंपाउंड, शेवटी क्लिअर ॲक्रिलिकमध्ये बुडी. अर्धी बाजू झाली आहे आणि मागचं अक्षर वाचता येतं. तामियाची कंपाउंड महाग आहेत, पण इथे टूथपेस्टवर भागवू नका, तिचे कण एकसारखे नसतात.

कॉकपिट उघडल्यामुळे एक फायदा झाला. हे मॉडेल शेपटीवर बसत होतं, कारण नाकात वजनच नव्हतं. आता मासेमारीच्या गळाचं शिसं आत घालता येईल. ते फेविकॉलने चिकटवू नका. शिसं आणि तो पांढरा गोंद यांची वर्षानुवर्षं प्रक्रिया होऊन शिसं फुगतं आणि नाकाचा जोड फाटतो, रेल्वे मॉडेलवाल्यांची कितीतरी इंजिनं अशी गेली आहेत. मी अराल्डाइट वापरणार आहे.

राहिला पंखांचा सिमेंट. हा गोंद म्हणून वेगळा काढताच येत नाही, कारण त्याच्यात पॉलिस्टायरीनच विरघळवलेलं असतं. द्रावक उडून गेलं की मागे उरतं ते पंखाचंच प्लास्टिक, एकसंध. डाव्या पंखाच्या मुळाशी त्याचा गोळा आहे आणि त्याने पंख खाली झुकला आहे. मूळ कापून सरळ करायचं ठरवलं होतं, करवत हातात घेतलीही. पण सी हॉकचा इनटेक (हवा आत घेणारं तोंड) त्याच मुळात आहे, आणि मागे नीन इंजिनाचं दोन फाट्यांचं एक्झॉस्टही तिथेच. कापलं तर ते सगळं नव्याने घडवावं लागेल.

तिथेच सुचलं की पंख दुमडावेत! हे विमान जुन्या विक्रांत या विमानवाहू नौकेवरचं, त्याचे पंख घडी व्हायचे. गोळ्याला हातच लावायचा नाही. घडीच्या रेषेवर कापायचं, बाहेरचे भाग वर उभे करायचे. आतला तुकडा आखूड असल्यामुळे झुकाव जवळजवळ दिसणार नाही. सोन्या मारुती चौकाजवळून सोनारी करवतीची सर्वांत बारीक पाती आणली आहेत. हॉबी दुकानातल्या फोटो-एच (रसायनाने कोरलेल्या पातळ पत्र्याच्या) करवतीपेक्षा ती मला सरस वाटतात, पातं वाकत नाही. कापलेली तोंडं ०.२५ मिमी प्लास्टिक शीटने बंद करून आत फासळ्या आणि बिजागऱ्या करायच्या.

मार्किंग मात्र नौदलाच्या आयएनएएस ३०० या स्क्वॉड्रनचंच, व्हाइट टायगर्स. ४ डिसेंबर १९७१ रोजी कॉक्स बझार आणि चितगाववर गेली ती हीच विमानं. विक्रांत मुंबईत संग्रहालय होती तेव्हा डेक पाहता यायचा, २०१४ मध्ये ती भंगारात गेली. आता दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयात उघड्यावर सी हॉक उभं आहे. गणपतीला कोकणात जाणार आहेच, तिथून पुढे गोव्याला जाऊन पंखाचे सगळे फोटो काढीन. पण घडीच्या बिजागऱ्या जवळून दिसतील असे फोटो कोणाकडे असतील तर आधीच द्या, तोवर करवत लावत नाही.