आडवी बाटली आणि जन्मठेप

९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबादेत निघालेल्या मूक मोर्चात मी चाललो होतो. कोपर्डीत शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून केल्याचा आरोप असलेल्यांना फाशी व्हावी, ही त्यातली मुख्य मागणी होती. माझ्यापुढे चालणाऱ्या शाळकरी मुलीने फलक छातीशी इतका घट्ट धरला होता की घामाने त्यावरची शाई पसरली होती. शिक्षेचा प्रश्न त्या क्षणी मतदानाला टाकला असता, तर मी डोळे झाकून फाशीला मत दिले असते. नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली. मात्र त्याआधी साक्षीपुरावे झाले, बचावाचे म्हणणे ऐकले गेले, आणि हा मधला काळ मला आज फार मोलाचा वाटतो.

कॅलिफोर्नियात शिक्षेचे कायदे मतदार थेट करू शकतात. १९९३ मध्ये तिथे पॅरोलवर सुटलेल्या गुन्हेगाराने बारा वर्षांच्या मुलीचा खून केला आणि पुढच्याच वर्षी ‘प्रपोझिशन १८४’ हा मतदारांपुढे ठेवलेला कायद्याचा प्रस्ताव सुमारे ७२ टक्के मतांनी मंजूर झाला. आधीचे दोन गुन्हे गंभीर किंवा हिंसक असतील, तर तिसरा कोणताही ‘फेलनी’ (किरकोळ नसलेल्या गुन्ह्यांच्या) वर्गातला गुन्हा किमान २५ वर्षांच्या जन्मठेपेला पुरेसा ठरला. लोकांच्या डोळ्यांपुढे त्या मुलीचा खुनी होता, पण त्याच कायद्याने गोल्फच्या तीन काठ्या चोरणाऱ्यालाही जन्मठेप झाली. त्याचे आधीचे गुन्हे साधे नव्हते हे खरे. तरीही २००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने कायम ठेवली. पुन्हा मतदारांकडे न जाता हा कायदा बदलायचा, तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागत. मतदारांनीही २००४ मध्ये दुरुस्ती नाकारली आणि तिसरा गुन्हा साधारणपणे गंभीर किंवा हिंसकच असावा, ही अट यायला २०१२ उजाडले. ती अठरा वर्षे कोणाच्या तरी आयुष्यातली होती.

न्यायाधीशाच्या हातून निवड काढून घेणे आपल्या सर्वोच्च न्यायालयाला १९८३ मध्ये मान्य झाले नाही. जन्मठेपेच्या कैद्याने खून केल्यास फाशीच द्यावी, असे सांगणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०३ त्या वर्षी घटनाबाह्य ठरले.

मतदारांच्या थेट निर्णयाचा आपल्या अनुभवातला प्रकार म्हणजे आडवी बाटली, म्हणजेच दारूचे दुकान बंद करण्यासाठी होणारे महिलांचे मतदान. त्यासाठी यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक मते लागतात, म्हणजे गैरहजर बाई दुकानाच्याच बाजूने मोजली जाते. कॅलिफोर्नियात मात्र झालेल्या मतांचे साधे बहुमत जन्मठेपेच्या कायद्याला पुरले. एका दुकानासाठी एवढी कडक अट ठेवणाऱ्यांनी माणसाच्या उभ्या आयुष्यासाठी त्याहून कडक ठेवायला हवी, असे मला मनापासून वाटते, मग संताप कितीही खरा असो.

बीड जिल्ह्यातल्या माझ्या आजोळी असे मतदान झाले, तेव्हा मामी आदल्या रात्री मतदारयादी घेऊन बसल्या होत्या. नावामागून नाव वाचत त्या पेन्सिलीने समोर एकच शब्द लिहीत गेल्या : ‘कारखान्याला’. ऊसतोडीला गेलेल्या त्या बायका मतदानाला येऊ शकल्या नाहीत आणि दुकान राहिले.