त्यात काय एवढं!

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहा म्हणून समितीचा फोन आला. 'आवडते शिक्षक' या विषयावर भरपूर लेख आलेत, असंही जाता जाता सांगण्यात आलं. बरंच झालं म्हणायचं. मला लिहायचं होतं ते आपल्या शिपाईमामांबद्दल. आम्ही पोरी ज्या कामांकडे बघून 'त्यात काय एवढं' म्हणायचो, ती सगळी कामं त्यांचीच होती.

झेंड्याचंच घ्या. पाहुणे दोरी ओढतात, पाकळ्या पडतात, झेंडा फडकतो, राष्ट्रगीत होतं. सगळा मिळून दोन मिनिटांचा मामला. आठवीत बाईंनी गाईडच्या मुलींना झेंडा बांधायला शिकवायचं ठरवलं, तेव्हा मामा पायरीवर बसून बघत होते. केशरी पट्टा वर येईल हे सांभाळून घडी घालायची, आत पाकळ्या, वरून दोरीचा वेढा आणि शेवटी सुरगाठ. चुकून निरगाठ बसली की पाहुणे दोरी ओढत राहणार आणि बँडवाली मुलं तोंडाकडे बघत राहणार. सैल ठेवावी तर कृष्णेवरचा वारा पाहुण्यांच्या आधीच समारंभ उरकून टाकणार.

बाईंचं सांगून झाल्यावर मामा उठले आणि म्हणाले, "पोरींनो, जानेवारीत आवळता तशी ऑगस्टात आवळू नका. सुती दोरी आहे. पावसात फुगती, गाठ आपोआप घट्ट हुती. आणि खादी भिजली की जड हुती, ते वेगळंच." मग त्यांनी गाठीत एक बोट घालून दाखवलं. ऑगस्टात एवढी जागा सोडायची. गाईडच्या पुस्तकात गाठींची चित्रं होती, पण त्यात पाऊस नव्हता.

घंटेचंही तेच. रुळाचा टांगलेला तुकडा, त्यावर हातोडी मारायची. पण हातोडी क्षणभर जास्त टेकली की आवाज तिथंच मरतो. मारता मारताच हात मागे यावा लागतो. मामांचा टोल नदीच्या घाटापर्यंत जायचा, मॉनिटरचा जेमतेम व्हरांड्यापर्यंत.

पण हे सगळं पोरवयातलं. खरी ओळख पटली ती २०१९ च्या महापुरात.

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. शाळा नदीकाठच्या गावभागात, तेव्हा काय झालं असेल ते सांगलीकरांना सांगायला नको. पाणी उतरायला लागल्यावर आम्ही माजी विद्यार्थी खोरी-घमेली घेऊन हजर झालो. गाळ काढायचा, त्यात काय एवढं! मामा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी काठी टेकत आले आणि पहिल्यांदा आम्हाला थांबवलं. आधी गटारं मोकळी करा म्हणाले, नाहीतर धुतलेलं पाणी फिरून वर्गातच येणार. मग सगळ्यात आतली खोली, मग बाहेरची. आणि जे काय करायचं ते गाळ ओला आहे तोवर. एकदा वाळला की फरशीवर सिमेंटसारखा बसतो. कपाटांचे खण फुगून अडकले होते. ते ओढायचे नाहीत, मागची फळी काढून आतून ढकलायचे. आमच्यात दोन इंजिनिअर होते. दोघंही मुकाट्यानं मागची फळी काढायला लागले.

सगळ्यात अवघड निघाली ती जनरल रजिस्टरं. शाळा सुटल्याचा दाखला ज्यावरून निघतो, ती. आम्हाला वाटलं, गच्चीवर उन्हात टाकू, वाळतील. पण भिजलेलं रजिस्टर तसंच वाळवलं तर पानं एकमेकांना धरून बसतात आणि मग विटेचे थर सुटावेत तेवढीसुद्धा सुटत नाहीत. पानं ओली असतानाच एकेक सोडवायची, मध्ये कोरा कागद घालायचा आणि सावलीत पंख्याखाली ठेवायचं. मध्ये वर्तमानपत्र घालायचं नाही, त्याची शाई पानावर उमटते. वाफाळलेल्या खोलीत बोटांच्या टोकांनी पान सोडवत बसणं म्हणजे काय, हे तिथं बसल्याशिवाय कळत नाही. जोर लावला तर पान फाटतं, आणि पान फाटलं की कुणाची तरी जन्मतारीख जाते.

एक गोष्ट मात्र बघण्यासारखी होती. सगळ्यात जुन्या नोंदी सगळ्यात चांगल्या टिकल्या होत्या. जुन्या निळ्या-काळ्या शाईत लोहाचे क्षार असत. ती कागदात मुरून काळी पडते आणि मग पाण्याला सहसा दाद देत नाही. बॉलपेनची शाई तेलकट, तीही बरीचशी वाचली. गेली ती मधल्या काळातली, धुण्यात निघून जाणाऱ्या सुंदर निळ्या शाईतली. त्यात आमची बॅच आली. अक्षर काय होतं त्या क्लार्कबाईंचं! आता काही पानांवर नुसता निळा डाग आहे.

एका रजिस्टराची शेवटची पानं तेव्हा सुटली नाहीत, अजूनही चिकटलेलीच आहेत. त्या वर्षांतल्या कुणी दुबार दाखल्यासाठी अर्ज केला की ऑफिसची पंचाईत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला पुन्हा हात घालायचं आम्ही काही जणींनी ठरवलंय. ज्यांना यायचंय त्यांनी ऑफिसात नाव द्यावं. नखं कापून यावं.