धाकट्याचा सीझन

रविवार. रात्रीचे साडेअकरा, मचाणावर.

धाकट्याचा फोन येऊन दोन तास झाले, तरी तो ठण्ण काही कानातून जात नाही.

कोलोरॅडोत सकाळ होती, हा डोंगरात सरावाला गेला होता. ऑक्टोबरात तिकडं रायफलीनं शिकार करायचा सीझन लागतो. यंदा सोडतीत एल्कची चिठ्ठी निघाली म्हणून स्वारी खुशीत. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा. फोन दगडाला टेकवला अन् गडी पालथा पडला. गोळी सुटली. मग काहीच नाही. मला वाटलं, चुकली. तेवढ्यात समोरच्या टेकडीवरची लोखंडी पाटी वाजली. पाचशे यार्ड, म्हणजे साडेचारशे मीटरच्या वर. गोळीला पोचायला अर्धा-पाऊण सेकंद अन् आवाजाला परत यायला त्याच्या दुप्पट. "ऐकलं का दादा?" ऐकलं ना बाबा. आमचं वावर या धुऱ्यापासून नाल्यापर्यंत दोनशे मीटर भरत नाही.

हेवा वाटला, लिहूनच टाकतो. पण कशाचा, ते दोन तासांपासून चाचपून पाहतो आहे.

बंदुकीचा नसावा. बंदूक आपल्याकडेही आहे, बाबांची बाराबोर, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. चाळीस पावलांच्या पुढं तिचे छर्रे वाट्टेल तिकडं जातात, तरी आहे. २०२४ ला लोकसभा अन् विधानसभा दोन्ही आल्या, दोनदा ठाण्यात जमा करून आलो. दुसऱ्या खेपेला तूर फुलावर होती. रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, शेंडे असे खुडले की विळ्यानं कापावं तसे. आचारसंहिता संपली तोवर तुरीचंही संपलं होतं.

डोंगराचाही नसावा. डोंगर चढायला गुडघे लागतात.

मग 'सीझन' या शब्दाचा? आमच्या आजाच्या गोष्टींत शिकार होती. १९७२ चा वन्यजीवांचा कायदा आला अन् आमच्या घरातून तो शब्दच गेला, राहिली ती जागल. ती काही हौस नव्हे. सोयाबीन शेंगांवर आलं की टॉर्च, सुतळी बॉम्ब, पत्र्याचा डबा अन् हे मचाण. डुक्कर मारायचं तर आधी वनखात्याची लेखी परवानगी. डुकरानं वावर नांगरलं तर पंचनामा, अर्ज, फोटो, सातबारा. ते कागद जमवण्यात एक सीझन आमचाही जातो म्हणा. धाकट्याला अंगात भडक नारिंगी नाहीतर गुलाबी जाकीट घालावंच लागतं, दुसऱ्या शिकाऱ्यानं जनावर समजून गोळी घालू नये म्हणून. माझ्या अंगावर बाबांची घोंगडी. ती घातली की मी सोडाच, मचाणही दिसत नाही.

असं लिहिलं की बरं वाटतं. पण हे ते नव्हे.

फोन ठेवता ठेवता तो सहज बोलून गेला, ते आहे. गेल्या साली जनावर समोर होतं. तीनशेच्या आत. चांगलं उभं, आडवं. पण दरीतून वारा फिरला. आडव्या वाऱ्यात पाचशेवर गोळी फूट-दीड फूट सरकते, तीनशेवर कमी, पण सरकतेच. खांद्यामागची जागा केवढी तर जेवायच्या ताटाएवढी. "मग नाही मारली. आलो परत," म्हणे, अन् हसला. पाचशेचा सराव कशासाठी, तर तीनशेवर हात हलू नये म्हणून. चढावर काय अन् उतारावर काय, नेम जरा खालीच धरायचा, गोळीला आडवं अंतर तेवढं कळतं. हे सगळं सांगत होता. मी मात्र 'आलो परत' वरच अडकलो.

परत येता येतं त्याला.

बाबा होते तेव्हाची ती रात्र. डुक्कर साठ पावलांवर असेल. साठ पावलं म्हणजे छर्ऱ्यांच्या बाहेरचं, हे मलाही माहीत होतं अन् बाबांनाही. बाबा म्हणाले, "राहू दे." मी राहू दिलं नाही. नाल्यातून ते रात्रभर ओरडत होतं. सकाळी बाबा एकटेच कुऱ्हाड घेऊन गेले, मला म्हणाले, तू दूध घालून ये. पुढं त्यांनी कधी काढलं नाही. मीही नाही.

पलीकडच्या वावरातल्या तारेचं अन् करंटचं तर इथंही लिहीत नाही.

साडेबारा. खाली उतरलो होतो. काय केलं ते सांगितलं तर कोणी हसेल, म्हणून इथंच. धाकट्यासारखा धुऱ्यावर पालथा पडलो. हातात रायफलीऐवजी तुराटी. श्वास अर्धा सोडायचा अन् तिथंच थांबायचं, म्हणे. थांबलो. छातीखाली चिखल, मानेवर डास. वारा मात्र कळत होता. २०१७ ला यवतमाळकडं फवारणीत माणसं गेली, तेव्हापासून पंप पाठीवर घ्यायच्या आधी मी मूठभर माती सोडून पाहतो. त्याच्या यंत्राला वाऱ्याचा आकडा कळतो, मला माती कुठं पडते ते कळतं. काही कमी नाही, असं म्हणत होतो तोच धुऱ्यावर टॉर्च. ही.

"पडले काय जी?"

"नाही. वारा पाहून राहिलो."

"पालथं पडून?"

डबा ठेवून गेली. जाताना हसत होती की काय, अंधारात कळलं नाही. भाकरीसोबत ठेचा होता, म्हणजे राग नसावा.

पावणेतीन. रोही आला. एकटा, मोठा, निळा म्हणतात तसा निळा अजिबात नाही, अंधारात नुसता काळा. तीसेक पावलं. बंदूक मांडीवर होती, भरलेली नव्हती. टॉर्चच्या बटणावर बोट होतं. वारा माझ्या मानेवरून त्याच्याकडं जात होता. त्यानं मान वर केली. मी श्वास अर्धा सोडला अन् थांबलो. एक, दोन. त्याला वास लागला असावा, फुर्र केलं अन् आल्या वाटेनं वळला, घाई न करता. जाता जाता सोयाबीनच्या सहा ओळी तुडवून गेला, सकाळी मोजल्या.

दूध घालून घरी आलो तर ही चुलीपाशी. "आलता काय कोणी?"

"रोही आलता."

"मंग?"

"वारा बरा नव्हता."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग सदऱ्यावरच्या चिखलाकडं. "तो काढा आधी," म्हणाली, "भिजवते."