ही रेघ म्हणजे मी

सहा चौकोन, सात बाण. कारखान्यातला डेटा कुठून कुठे जातो, त्याचा माझा पहिला नकाशा अर्ध्या दिवसात झाला होता आणि मी स्वतःवर बरीच खूश होते.

भोसरीतल्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे छोटे भाग बनतात. नवीन ईआरपी, म्हणजे सगळ्या खात्यांचं काम एकत्र करणारं सॉफ्टवेअर, घ्यायचं ठरलं, तेव्हा ते बसवणाऱ्यांनी पहिल्याच मीटिंगला विचारलं, "सध्या कुठला डेटा कुठून कुठे जातो, ते कागदावर आहे का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी अकाउंट्समधली, पण कॉम्प्युटरचं काही अडलं की हाक मलाच.

चौकोन सोपे होते. माल पाठवणाऱ्या डिस्पॅचचं बिलिंग सॉफ्टवेअर, हिशेबाचं टॅली, जीएसटीची बिलं नोंदवायचं सरकारी ई-इन्व्हॉइस पोर्टल, मालवाहतुकीचं ई-वे बिल, हजेरीचं मशीन, बँक. बाण मी माहितीपत्रकं बघून काढले. डिस्पॅच ते टॅली, एक सरळ रेघ. कागद घेऊन आमच्या अकाउंट्सच्या काकांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, त्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही रेघ म्हणजे मी."

दुसऱ्या दिवसापासून मी प्रश्न विचारायचे सोडले आणि त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. डिस्पॅचचा कॉम्प्युटर नेटवर्कवर नाही, त्यामुळे संध्याकाळी दिवसभराच्या बिलांची फाइल पेन ड्राइव्हवरून येते. काका ती एक्सेलमध्ये घेतात, पण नुसती डबल क्लिक करून नाही. तशी उघडली की ई-वे बिलाचा बारा आकडी नंबर २.७१ई+११ असा दिसतो, आणि तशीच सेव्ह केली तर मागचे आकडे गेलेच. म्हणून तो रकाना 'टेक्स्ट' करून फाइल आत घ्यायची. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, एकदा हात पोळल्यावर समजलं.

मग नावं. एकाच ग्राहकाचे तीन प्लांट. डिस्पॅचवाले गावाचं नाव लिहितात, टॅलीत खाती 'युनिट १', 'युनिट २' अशी. कुठलं गाव म्हणजे कुठलं युनिट, हे काकांच्या डायरीत. त्यातही दोन नोंदी जुन्या, खऱ्या फक्त त्यांच्या डोक्यात. माझ्या सगळ्या कामात ही डायरी उतरवून घ्यायलाच सर्वात जास्त वेळ लागला. चार दिवस. काका सुरुवातीला हातचं राखून बोलत होते, आणि ते साहजिकच होतं. आपलं काम कोणी कागदावर उतरवायला लागलं की माणसाला पुढचं दिसतं. तिसऱ्या दिवशी मी डब्यातली थालीपीठं पुढे केली, तेव्हा कुठे डायरीची मागची पानं उघडली.

खरा गुंता रद्द झालेल्या बिलांचा निघाला. पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस लागू झालं, त्यात आम्ही आलो. पोर्टलवर बिलाची माहिती गेली की ६४ अक्षरी आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, आणि क्यूआर कोड परत येतो. बिल चुकलं तर पोर्टलवर ते २४ तासांत रद्द करता येतं, नंतर नाही. आता बघा: फाइल निघते संध्याकाळी सहाला. दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्पॅचवाला एखादं बिल रद्द करतो. पोर्टलवर ते रद्द, टॅलीत जिवंत. ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, भरायचं, त्यात ई-इन्व्हॉइसची माहिती आपोआप येऊन बसलेली असते आणि आपला आकडा तिच्याशी जुळत नाही. हे जुळवायची आमची यंत्रणा काय? डिस्पॅचमधला दादा बिलाच्या प्रतीवर लाल पेनाने काट मारतो आणि जेवायला जाताना काकांच्या टेबलावर ठेवतो. मी नकाशात एक नवा बाण काढला, लाल, आणि वर लिहिलं: 'जेवणाच्या सुट्टीत'. ईआरपीवाला हसला. पण नव्या सिस्टीममध्ये काय सुटलं असतं, ते त्याला त्या बाणावरूनच कळलं.

ई-वे बिलासाठी गाडीचा नंबर ट्रान्सपोर्टरच्या व्हॉट्सॲपवर येतो, तोही बाणच. हजेरी आणि पगाराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिथे एकच फाइल जाते आणि बरी जाते.

शेवटी चौकोन नऊ आणि बाण एकोणीस झाले. प्रत्येक बाणाला मी पाच गोष्टी लावल्या: काय जातं, कधी, कुठल्या रूपात, कोण नेतं, आणि अडलं तर कोणाला विचारायचं. शेवटच्या रकान्यात अकरा वेळा 'काका' होतं. ते बघून मालक पहिल्यांदा गंभीर झाले.

आषाढीला काका दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जातात. आजवर ते दिवस आम्ही कसेबसे ढकलायचो. या वेळी माझा कागद घेऊन नवीन मुलगा बसला. आठवडाभर सगळं सुरळीत. मग एका संध्याकाळी फाइल आत जाईना. एरर नाही, काही नाही, नोंदी शून्य. तासभर डोकं लावून शेवटी काकांना फोन केला. ते लोणंदला होते. मागून टाळांचा आवाज.

"एक्सेल बंद केलीस का आधी?" काका म्हणाले. "फाइल उघडी असली की आत जात नाही ती."

कागदावर हे कुठेच नव्हतं. मुलाने फाइल बंद केली, नोंदी गेल्या. मी पेन घेऊन चौथ्या बाणाशेजारी लिहिलं, 'आधी फाइल बंद करा', आणि फोनवर विचारलं, "काका, असं अजून काही आहे का?"

"आठवलं की सांगतो," म्हणाले, "आत्ता पंगत बसतीये."